भिंतीवरचा पासवर्ड

नका लावू, अभिनंदनभाऊ, बटण बंदच राहू द्या — कॅमेरा चालू असला की मी एवढं बोलत नाही. बिघडला नाही हो, मीच बंद केला नि तुम्हाला बोलावलं. पासवर्ड बदलायचाय. कोणता म्हणजे? कॅमेरा बसवताना तुम्हीच घातलात की, लग्नाच्या आठवड्यात! बाहेरच्या भिंतीवर पेंटरनं लिहिलंय ना — चि. भाग्येश, चि. सौ. कां. रंजिता, खाली तारीख — तेच नाव, तीच तारीख. वायफायला तोच, कॅमेऱ्याला तोच. रस्त्यावरच्या बकऱ्या सोडल्या तर सगळ्यांना वाचता येतो. मग झालं काय? काही नाही. शेजारचे चुलतदीर, अमृतभावजी, परवा चारचौघांत म्हणाले, "सकायले काय गानं म्हनी ऱ्हायनी व्हतीस वं वहिनी?" सगळे हसले, मीही हसले. सकाळी मी इथं स्वयंपाकघरात एकटी होते, भाऊ. भाकरी थापण्याच्या आवाजाखाली म्हणत होते. यांना सांगितलं, तर म्हणे अमृत घरचाच. सासूबाई म्हणाल्या, "आपले काय लपाडानं शे?" खरंय, लपवायचं काय — इथंच उभं राहून आईला फोनवर एवढंच म्हटलं होतं, इथं जीव रमत नाही, आले की महिनाभर राहीन... दुसऱ्या दिवशी माहेरी जाणं रद्द. कुणी काही विचारलं नाही, नुसती माझी भरलेली बॅग माळ्यावर गेली. — हे तुम्हाला सांगायचं नव्हतं.

तर, काय काय होतं? नवा पासवर्ड, अपडेट, माइक बंद, जोडलेले मोबाइल काढून टाकायचे — करा ना. किती दिसतात? चार? घरात मोबाइल तीन, आणि माझा तर जोडलेलाच नाही. बघा, तुम्हीच मोजा.

नवा पासवर्ड यांना द्यावाच लागेल म्हणता? हो, कॅमेरा यांच्या नावावर. पुरुषोत्तमनगरहून ड्युटी करून येतील, विचारतील, मी सांगेन, आणि जेवायच्या आत तो शेजारी पोचेल. छान.

मग असं करा — पासवर्ड बदलाच, पण स्क्रूही काढा. इथून काढून बाहेर लावा, तोंड त्या भिंतीकडं. आमची नावं बघत बसू दे ज्याला बघायचंय त्याला. चोर? माझ्या चुलीपाशी कोणता चोर येतो हो, आलाच तर तो मोबाइलमधून येतो. विचारलं तर माझं नाव सांगा, भिंतीवर आहेच लिहिलेलं. सासूबाई देवळातून येतीलच एवढ्यात. स्टूल दाराआड आहे.

चहा नंतर, भाऊ. आधी चढा.