धन्याचा फोटू

सरकू? मी कशापायी सरकू, दादा? तुमची मोटार यायच्या आदीपास्नं मी हितंच बसलीया. तुमच्या फोटूत मी मधी येतीया व्हय? — मंग तळं सरकवा की जरा तिकडं. न्हाई सरकत? मंग मी बी न्हाई सरकत. आन् त्या शेळीला हाडहाड करू नगासा, ती माझ्यापरास वाईट हाय, मागनं येऊन ढुशी देती — बगा, दिली का! लागलं? न्हाई ना? तुमची ती तीन पायांची तिवई तेवढी संबाळा, पडली तर म्हनाल तुकाबाईनं पाडली. तुकाबाई म्हंजी मीच, दुसरी कुनी न्हाई हितं. बसा. धोतराला माती लागंल म्हनून काय उबंच ऱ्हानार? ह्यो दगूड चांगला हाय, ह्यावर बसा. ताक घ्या. घ्या की, शेळीचं न्हाई, म्हशीचं हाय.

तळं लई झ्याक दिसतंय म्हनता? वरनं दिसनारच की. खाली माझी चूल हाय. हसू नगासा, खरंच हाय — ती करवंदीची जाळी दिसतीया न्हवं, तिच्या सरळ म्होरं पानी चमकतंय, तितं आमचं गाव व्हतं. कंपनीनं धरन बांदलं, वीज करायची म्हनून. वीज गेली म्हमईला, पानी ऱ्हायलं हितं, आन् आमी आलो वर डोंगराच्या अंगाला. पानी चढलं त्येला आता दुसरं वरीस. भाताची खाचरं गेली, मंग शेरडं पाळली — ही ढुशी देनारी त्यातलीच. तर तुमी तळ्याचा फोटू काढनार आन् त्यात बाई नगं, शेरडू नगं. कुनीच नगं. मंग त्यो कशाचा फोटू वो? पान्याचा? पानी तर पुन्यात नळाला बी येतंय.

रागावू नगासा, मी मस्करी करतीया. फोटूवाला म्या कदी बगितलाच न्हाई असं न्हाई. तुमच्या आदी एक आला व्हता, धरनाचं काम चाललं व्हतं तवा. जयसिंग नाव त्येचं, पुन्याचाच, वयानं तुमच्याएवडाच, पर तुमच्यावानी गोरा न्हाई आन् मोटार बी न्हाई, पौडाच्या वाटंनं चालत आला, खांद्यावर तिवई, पाटीवर पेटी. आता आमी काय समजायचं? त्येच्या आदी आलं व्हतं मोजनीवालं, त्येंची बी अशीच तिवई, तिच्यावर दुर्बीन. त्येंनी बगितलं रं बगितलं की दुसऱ्या दिशी शेतात खुंट्या, लाल फडकी बांदलेल्या. खुंटी आली म्हंजी शेत गेलं. मंग आमी बायका काय करायचो — सांगू? कुनाला बोलनार न्हाई ना? — खुंट्या उपटायच्या आन् चुलीत घालायच्या. चांगलं वाळल्यालं लाकूड, धूर न्हाई, काय न्हाई. कंपनीच्या खुंटीवर भाजल्याली भाकर लई खरपूस लागती, दादा!

तर असला तिवईवाला गावात आला. पेटी देवळात ठेवली, तिवई भिताडाला टेकली, आन् गेला नदीवर अंग धुवाया. आला परत तर तिवई न्हाई. "कुणी पाहिली का?" — कुनी न्हाई बगितली. "इथंच ठेवली होती." — असंल बाबा, माकडं लई हायेत. आमी सगळ्या तोंडाला पदर लावून. गोजराबाई, माझी थोरली जाऊ, लई बेरकी बाई, ती तर त्येच्यासंगं शोधत फिरली, "आगं बाई, कुटं गेली आसंल!" आन् तिनंच नेल्याली! घरामागं उबी केली व्हती आन् तिच्यावर दोडक्याचा येल चडवला व्हता. पावसाळ्याचं दीस, येलाला काय लागतंय, भराभर वर. त्येला घावली तवा तिन्ही पायांवर पानंच पानं. आमी म्हनलं आता ह्यो चौकीवर जानार. तुमी काय केलं असतं? — तिवई जवळ वडलीसा न्हवं! म्हंजी तुमी गेला असता. त्यो न्हाई गेला. त्यानं बगितलं, आन् असा हसत सुटला की चिखलातच बसला. म्हनला, "चढू द्या वेल, बाई. दोडकी लागली की मग द्या."

आता दोडकी लागस्तवर फोटूवाल्यानं करायचं काय? आमच्यासंगं भात लावाया आला. देवा! असली लावनी म्या जल्मात बगितली न्हाई. रोप लावायचा आन् मागं वळून बगायचा तवर रोप आडवं. पायाला जळू लागली तवा "आई गं" म्हनून ह्या बांधावरनं त्या बांधावर उडी, आन् मदी शेजारच्या खाचरातला कोंडाजी व्हता, दोगंबी खाली. कोंडाजी कदी हसायचा न्हाई, त्यो बी हसला. मानूस आपल्याफुडं पडला की बरं वाटतंय, न्हाई का? असं हुबं राहून "सरका" म्हननारं न्हाई बरं वाटत. तुमाला न्हाई बोलत, असंच म्हनतीया.

दोडकी लागली. गोजराबाईनं भाजी करून वाढली आन् तिवई बी दिली, धुवून. मंग त्येनं पेटी काडली. आमाला वाटलं आता रांगंत उबं करनार. तर म्हनला, "आधी तुम्ही बघा." काळं फडकं टाकलं माझ्या डोस्क्यावर, आन् आत — अवो, सगळं खोरं उलटं! डोंगर वर, आभाळ पायाखाली, आन् समोर पाटील हुबा तर टाळूवर हुबा, तरी पागोटं पडंना! म्या आतच हसत सुटले, बाहीर येईना. मंग काय, गावच्या समद्या बाया रांगंत. पाटलाला कळंना ह्या एकेक माझ्याकडं बगून का खिदळत्यात. त्यो आपला मिशीला पीळ देतोय, आन् आत मिशी वर आन् डोळं खाली!

त्या दिसापास्नं त्यो आमचा झाला, आन् मंग जयसिंगनं इचारलं, "आता सांगा, मी कशाचा काढू?" आजवर कुनी आमाला इचारलंच न्हवतं काय. मोजनीवाल्यानं इचारलं का? सरकारनं इचारलं का? गोजराबाई म्हनली उंबरा काड, ह्या उंबऱ्यावर मी माप वलांडून आले. कुनी म्हशीचा म्हनलं. कोंडाजी म्हनला बांदाचा काड. त्या बांदावरनं कोंडाजी आन् कुशाबाचं दोन पिढ्यांचं भांडान, डोसकी फुटल्याली. बांद तर बुडनार. मंग भांडायचं कुटं? म्हनून भांडनाचा फोटू! ह्यो एका अंगाला, त्यो एका अंगाला, दोगांनी डोळं वटारल्यालं. जयसिंग म्हनला, "हलू नका." आन् हलायचं न्हाई म्हनल्यावर दोगांनी एकामेकाकडं बगितलं, आन् कुशाबाला फसकन हसू आलं, मंग कोंडाजीला. फोटूत दोन धुक्याची मानसं आलीत. दोगांच्या बी घरात हाय त्यो.

फकस्त एक मानूस तयार न्हवता. आमचं धनी. नाव मी घ्येनार न्हाई, जयसिंग 'येसाजीबाबा' म्हनायचा. धन्याला धरनाचं काम अडवाया रुळात आडवं पडलं म्हनून एकडाव येरवड्याच्या तुरुंगात नेऊन आनल्यालं. तितं उंची मोजली, तीळ मोजलं, बोटं शाईत बुडवली. तवापास्नं म्हनायचं, "माझं माप घेतलं, ठसं घेतलं. तोंड तेवडं ऱ्हायलंय, ते मी कुनाला देनार न्हाई." जयसिंग म्हनला, "बरोबर आहे, बाबा." आन् इषय बंद. परत कदी इचारलं न्हाई. मला लई राग आला त्येचा. लोकाच्या म्हशीचा फोटू हाय आन् माझ्या धन्याचा न्हाई!

एक दीस दुपारचं मी दारात हुबी, समोर आंगनात तिवईवर पेटी, तिचं तोंड माझ्याकडंच, फडकं वाऱ्यावर हालतंय. आन् बगते तर धनी चाललंय मांजरागत. हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, आन् डोसकं फडक्याखाली! इतकं दीस नाक मुरडत व्हतं, पर समद्यांनी बगितलं आन् आपुन न्हाई, म्हनून जीव खालीवर. मी जयसिंगला खूण केली — काड! त्याच्याकडं एक धाकली पेटी बी व्हती, पोटाशी धरायची आन् खटका दाबायचा. त्येनं मान हालवली. "विचारल्याशिवाय नाही, तुकाबाई." म्या म्हनलं, तू परका, तुला इचारावं लागतंय, माझा त्यो नवरा हाय! आन् घेतली पेटी त्येच्या हातातनं. चालवाया त्येनंच शिकवल्यालं, म्या आदी रेडकाचा काडला व्हता, निसतं शेपूट आलं व्हतं. पोटाशी धरली, दम रोखला, आन् — खट्ट.

दावू? हात पुसा आदी. ताकाचं हात लावू नगासा. ह्यो बगा. तीन पाय लाकडाचं, दोन पाय मानसाचं, वर काळं फडकं, मदी लंगोटी. हसा, हसा, मी बी हसते. पाच पायांचा नवरा कुनाला हाय का तुमच्या पुन्यात?

जयसिंगनं फोटू आनून दिला तवा मला बजावलं व्हतं. "हा बाबांना दाखवायचा. ते नको म्हणाले तर मी हा फाडीन आणि फोटोची मूळ काचही फोडून टाकीन." म्या म्हनलं व्हय व्हय. दावनारच व्हते. पर त्याच आठवड्यात धन्याला परत नेलं, येरवड्याला, आन् ह्या डाव लई दीस ठेवलं. घरात मी आन् ह्ये पाय. जेवताना समोर ठेवायची — म्हंजी ठेवायची न्हाई, चुकून ऱ्हायचा. आन् बोलायची बी. पाऊस कसा हाय, म्हस व्याली, कंपनीची भिंत कुटवर आली. भांडायची सुदीक. त्येच्यासंगं भांडाया लई सोपं पडतंय, उलटून बोलत न्हाईत पाय. एकडाव तर रडले बी — त्ये जाऊ द्या, तुमी कशाला ऐकताय. तुमी तळ्याला आला व्हतात.

परत आलं तवा दावावं म्हनलं, तर घरदार उचलायचं दीस आलं. मंग पानी आलं. मंग आता काय दावायचं? माझ्या हातातनं त्यो फोटू त्यांच्या हातात गेला आन् नगं म्हनलं तर? त्यो फाटायचा. इतकी वर्सं कनवटीला हाय माझ्या, न्हातानासुदीक लांब ठेवत न्हाई. म्हनून — अगं बया! द्या हिकडं, द्या बिगी! धनी आलं. त्ये बगा, टेकाडावरनं, घोंगडं खांद्यावर. ह्यातलं एक अक्षर बोलायचं न्हाई. बोललासा तर शेळी अंगावर सोडीन.

आलासा? बसा, ताक देते. ह्ये? ह्ये कुनी न्हाई, पुन्याचं पाव्हनं, पानी मागाया आलं व्हतं. निगालंच व्हतं. व्हय ना वो, दादा? निगाला व्हतात ना? — आँ? काय म्हनला? "पाव्हन्याला पायाचा फोटू दावलास का" म्हंजी? कसलं पाय? कुनाचं पाय? — कनवटीला न्हाई काय, मिसरीची पुडी हाय. — खटका? कसला खटका ऐकला तुमी? फडक्याखाली? आन् मी दिसले आत, उलटी? मंग तवाच का न्हाई आला बाहीर? का न्हाई वराडलासा? इतकी वर्सं तोंड बंद करून—

काय म्हनला? परत म्हना.

"तू काडत व्हतीस म्हनून हाललो न्हाई."

…

तुमी अजून हितंच, पाव्हनं? जावा की. मोटार खोळंबली आसंल तुमची. जावा म्हनलं ना.