यादीतली दोन हरणं

हसा तुम्ही, पण सरकारी कागदावर सही करण्याआधी यादी वाचत जा बाप्पा. आपल्या गावची इंग्रजांच्या वेळची बाग सरकारनं ठेक्यानं चालवाले काढली, तवा तो ठेका मी घेतला. यादीत कारंजं एक, बाकं बारा अन् सगळ्यात खाली हरणं दोन. मी सही करून मोकळा.

बागेत जाऊन पाह्यलं त हरणं कुठीच नाही. म्हातारा माळी गणपतबाबा म्हणे, "अरे, ते मेले तवा मी हाफ चड्डीत होतो. यादी दरसाल जुन्यावरूनच उतरवतात."

मंग तपासणीले साहेब येणार असं समजलं. ठेका जाईन म्हणून मी खामगावच्या बाजारात दोन बकऱ्याही पाहून ठेवल्या. पण साहेब समोर आले अन् माह्या तोंडून खरंच निघालं, "साहेब, हरणं नाहीत."

साहेबांनी फाईल उघडली. "मग गेल्या वर्षी मी 'हरणं ठणठणीत' असं कशावरून लिहिलं?"

गणपतबाबा म्हणे, "साहेब, तुम्ही गेटावर चहा घेतला अन् तिथूनच वापस गेले."

साहेबांनी पेन काढलं अन् लिहिलं, "हरणं ठणठणीत. लोकांनी त्यांना खाऊ घालू नये, असा बोर्ड लावावा."

लावला बोर्ड, काय करता. परवा एक रिटायर मास्तर मले बाजूले घेऊन रागावले, "लहानं हरीण लंगडून राह्यलं बे, डॉक्टरले दाखव."