ऑर्विल यांचे दोन्ही हात खिशात

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या पक्षाचे नेते सन्माननीय सेनेटर व्हिटकम एम्स, व्यासपीठावर विराजमान न्यायमूर्ती रूथ पेल्की, सत्कारमूर्ती सेनेटर ऑर्विल स्टेनरुड, त्यांच्या पत्नी इंग्रिड, आणि पोटात कावळे ओरडत असूनही बसून राहिलेल्या दोन्ही पक्षांच्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. सेनेटमध्ये तेवढ्यात कुणाचं खाकरूनही होत नाही. पण प्रयत्न करते. आज मला कधी एकदा बोलते असं झालंय!

ऑर्विल विरोधी पक्षाचे. नॉर्थ डकोटाचा हा गडी माझ्याशी जन्मभर भांडला. रूथ माझ्या मेन राज्यातल्या. संघीय अपील न्यायालयासाठी त्यांचं नाव आलं, तेव्हा समितीपुढे ऑर्विलनी त्यांना असं धारेवर धरलं की बिचारीला घोटाघोटाला पाणी प्यावं लागलं. आठवतंय ना, रूथ?

मग आला अधिवेशनाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मंजुरी नाही मिळाली, तर नाव परत व्हाइट हाऊसला आणि रूथची संधी संपली. आमच्याकडे एकच मत जास्त, आणि ते माझं. बरोबरी झाली तर नेमणूक पडणार, कारण मतांची कोंडी फोडणारे देशाचे उपाध्यक्ष परदेशात. आणि मी कुठे? पोर्टलंडच्या इस्पितळात. आत माझ्या क्लॉडचं हृदयाचं ऑपरेशन चाललेलं. व्हिटकम यांचा फोन आला, "मॉरीन, विमान पाठवू?" काय सांगणार होते मी? नवऱ्याला सोडू की रूथला?

तेवढ्यात ऑर्विलचा फोन. "रडतेस काय? बस तिथेच. मी तुझ्याशी जोडी लावतो."

जोडी ही आमची जुनी रीत. हजर सभासदाने गैरहजर विरोधकासाठी आपलं मत मागे घ्यायचं. हल्ली ती कुणी पाळत नाही. मी म्हटलं, "अहो, तुमचेच लोक तुम्हाला कच्चं खातील!"

तर म्हणतात, "ती बाई मला नकोच आहे. पण तुझा नवरा आजारी पडला म्हणून आम्ही जिंकलो, हे घरी जाऊन कुठल्या तोंडाने सांगू?"

आपण कारकुनापुढे अंगठा वर किंवा खाली करून मत देतो. ऑर्विल पुढे गेले. मागून त्यांच्याच पक्षातलं कुणीतरी ओरडलं, "ऑर्विल, अंगठा खाली!" यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि म्हणाले, "सेनेटर मॉरीन थिबोडो इथे असत्या तर त्यांनी हो म्हटलं असतं, मी नाही म्हटलं असतं. मी मत मागे घेतो." एका मताने रूथ न्यायमूर्ती झाल्या! शुद्धीवर येताच क्लॉडने मला विचारलं, "तू इथे काय करतेस? मतदान नाही का आज?" ते बघा, क्लॉड तिसऱ्या टेबलाशी बसलेत, लोणी जास्त घेताहेत.

आमंत्रणपत्रिकेवर छापलंय, 'निवृत्तीनिमित्त'. कसली निवृत्ती? पक्षांतर्गत निवडणुकीत 'खिसेवाला ऑर्विल' म्हणून खिल्ली उडवून यांना यांच्याच लोकांनी पाडलं. मला याचा संताप येतो, आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

आता ज्यासाठी मी सकाळपासून हुरळलेय ते सांगते. नॉर्थ डकोटाचे नील हॅगन हे अपील न्यायालयासाठी ऑर्विलनी सुचवलेले. उद्या सकाळी त्यांच्यावर मतदान आहे. मी त्यांच्या विरोधात आहे, हे जगजाहीर आहे. उद्याही खेळ एकाच मताचा, आणि ते मत ऑर्विलचं. आणि उद्या सकाळी ऑर्विल खुब्याच्या ऑपरेशनला जाताहेत, कारण इंग्रिडने आता तारीख पुढे ढकलू दिली नाही. या हट्टी माणसाने आपल्या शेवटच्या मतासाठी कुणापुढे शब्द टाकला का? छे!

ऑर्विल, उठू नका, खुबा सांभाळा. उद्या मी तुमच्याशी जोडी लावणार आहे. व्हिटकम, असे बघू नका, पाणी प्या. मला नील हॅगन आजही नको आहेत. पण ऑर्विल भुलीखाली होते म्हणून मी जिंकले, हे मी मेनमध्ये कुठल्या तोंडाने सांगू? एकच अडचण आहे, माझ्या जॅकेटला खिसे नाहीत. क्लॉड, उद्या तुमचा कोट द्या.

आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर ते जेवणाआधीच पोटात घाला. आणि हो, पुढच्या वर्षी माझी निवडणूक आहे. माझ्या निरोपालाही जेवणात आजचाच खेकड्यांचा बेत ठेवा.