श्वास सरलेलं पाणी

(स्कॉटलंडच्या डोंगरकुशीतला एक ओढा, फेब्रुवारीतली निरभ्र सकाळ. वृद्ध नदीराखा फार्कर आणि विद्यापीठात पाण्याचा अभ्यास करणारी त्याची पुतणी एल्स्पेथ, वाळूगोट्यांतून उकरून काढलेल्या सॅमन माशाच्या अंड्यांच्या पेटीपाशी गुडघे टेकून बसली आहेत.)

फार्कर : झाक ते. पाहवत नाही.

एल्स्पेथ : झाकून पांढरी अंडी पुन्हा केशरी होणार आहेत का, काका? एकही जिवंत नाही. दुसऱ्या पेटीतही हेच.

फार्कर : ओढ्यातली सगळ्यात सुखाची जागा निवडली होती मी. सारा ओढा वरून दगडासारखा गोठतो, पण इथलं पाणी गोठलेलं माझ्या आजोबांनीसुद्धा पाहिलं नव्हतं. बाळंतिणीची खोलीच म्हण ना!

एल्स्पेथ : आणि मी मान डोलावली. वरच्या वर यंत्र बुडवलं, प्राणवायू भरपूर निघाला, झाले मी शहाणी.

फार्कर : मग चुकलं कुणाचं?

एल्स्पेथ : दोघांचं. ही बाटली धरा. यात वरचं वाहतं पाणी. त्यात हे थेंब.

फार्कर : तपकिरी झालं. तुझ्या काकूच्या चहासारखं.

एल्स्पेथ : प्राणवायू असला की हा रंग येतो. आता ही नळी गोट्यांखाली, अंडी होती तिथवर गेली आहे. तिथलं पाणी ओढते. थेंब तेच. बघा.

फार्कर : पांढरं. थांब जरा, चढेल रंग.

एल्स्पेथ : नाही चढणार.

फार्कर : अगं, पण किती नितळ आहे हे! जन्मभर ओंजळीनं प्यालो मी.

एल्स्पेथ : नितळच आहे. फक्त ते ओढ्याचं नाही, डोंगराचं आहे. पोटातून येतं म्हणून उबदार. कधीकाळी पाऊस होऊन वर पडलं, मातीत उतरलं, खडकांच्या भेगांतून वर्षानुवर्षं झिरपत राहिलं. त्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. प्रत्येकानं आपल्यापुरता घोटभर प्राणवायू घेतला. इथवर पोचेतो काही उरलंच नाही.

फार्कर : म्हणजे हा अख्खा डोंगर श्वास घेतो.

एल्स्पेथ : घेतो.

फार्कर : आणि मी त्याला मुका धोंडा समजून त्याच्या अंगावर बूट आपटत हिंडलो! दर रविवारी चर्चमध्ये सृष्टीचे गोडवे गातो, तेही मोठ्यानं.

एल्स्पेथ : मोठ्यानं आणि बेसूर, असं काकू म्हणते.

फार्कर : थट्टा पुरे. मागे राखून ठेवलेल्या या डब्यात एवढीच अंडी उरली आहेत. आत पिल्लांचे डोळे दिसू लागलेत. आज पुरली नाहीत तर डब्यातच फुटतील. यंदा या ओढ्यात ती एकच मादी चढून आली. तिची ही अंडी गेली, की सगळं गेलं. सांग, कुठे पुरू?

एल्स्पेथ : तिला पकडलंत कुठे?

फार्कर : धबधब्याखालच्या उथळावर. विचित्रच होती. आधी इथंच आली. शेपटीनं जरा उकरलं, थबकली, निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मी हसलो, सोबतच्या मदतनीस ड्यूगीला म्हटलं, बाईसाहेबांना काही पटेना! शेवटी त्या गोठणाऱ्या जागी जाऊन खणायला लागली. मला दया आली. जाळं टाकलं, अंडी काढून घेतली, म्हटलं आपण तिच्याहून बऱ्या जागी...

एल्स्पेथ : काका.

फार्कर : बोलू नकोस. कळलं.

एल्स्पेथ : तिनं कसं ओळखलं, हे मला ठाऊक नाही. माझ्या गुरूंनाही नाही.

फार्कर : समुद्र ओलांडून आलेली, कित्येक महिने उपाशी. आणि शेपटीच्या एका फटक्यात तिनं डोंगराचं अंतरंग जाणलं. चल. डबा सांभाळून घे.

एल्स्पेथ : हेच ना उथळ? वर बर्फाचा पापुद्रा आहे.

फार्कर : त्याच्याखाली धार चालू असते. आधी नळी घाल. या खेपेला विचारल्याशिवाय पुरायचं नाही.

एल्स्पेथ : धरा बाटली. पडले थेंब.

फार्कर : तपकिरी! पहिल्याहून रतीभरही फिकट नाही.

एल्स्पेथ : धबधब्यात फेसाळलेलं पाणी इथं गोट्यांतून खाली शिरतं. श्वास सोबत घेऊन जातं.

फार्कर : दे तो डबा. आणि ही टोपी धर माझी.

एल्स्पेथ : एवढ्या थंडीत टोपी का काढताय?

फार्कर : दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकतोय, पोरी.