वडाखालची खुर्ची

जमलेल्या सर्वांना नमस्कार. पंखे मीच बंद करायला लावले आहेत. उकडतंय, कल्पना आहे. कृपया सहन करा.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. आणि आज मनात फक्त दुःख नाही. मला भीती वाटते आहे.

आपण काकांच्या कात्रजच्या शेडमध्ये बसलो आहोत. मधोमध त्यांचं शेवटचं शिल्प, हा वड, टांगलेला आहे. त्याच्याखाली एकच खुर्ची आहे आणि तिच्यावर काकू बसल्या आहेत. बाकीच्या खुर्च्या मी भिंतीपर्यंत मागे घ्यायला लावल्या. काकू मात्र उठल्या नाहीत. मघाशी म्हणाल्या, "आधी त्यांच्याबद्दल बोल. मग बघू." म्हणून बोलते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. काकांची शिल्पं टांगायची, तेव्हा भाराचा हिशेब मी काढायचे. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "काका, एका पानाचं वजन किती?" म्हणाले, "मी काय किराणा दुकान चालवतो?" आणि मग निमूटपणे एकेक पान काट्यावर ठेवत गेले.

हा वड तुमच्याच भांड्यांचा आहे. मोडीत निघालेले तांबे, डबे, ताटल्या. काका ती कापायचे, ठोकून सपाट करायचे, त्या पत्र्याचं पान करायचे. कोरलेलं नाव मात्र राखायचे. 'सौ. सुमन हिस मामांकडून.' त्या सुमनताई इथे आल्या, त्यांनी आपलं पान शोधून काढलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, यात मी जन्मभर तूरडाळ ठेवली!" काका इतके खूश मी क्वचित पाहिले.

त्यांचा एक नियम होता. शिल्प टांगलं की पहिल्यांदा स्वतः त्याच्याखाली बसायचं, चहा प्यायचा, मगच लोकांना आत सोडायचं. म्हणायचे, "पडलं तर माझ्या डोक्यावर पडू दे. तसाही मी डोक्यावर पडलेलाच आहे."

या वडाखाली बसायचं राहून गेलं. तो टांगून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काका उठलेच नाहीत. आज काकू त्यांच्या वतीने बसल्या आहेत. मला कळतं ते.

पण काकू, मी ज्या वडाचा भार काढला, तो हा नाही. काका गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येकजण भांडं घेऊन आला. 'स्मरणार्थ' असं कोरून आणलं आणि फांदीला अडकवलं. पान नव्हे, अख्खं भांडं. कुणी तर पितळी कळशी. शिडी दाराकडे होती, म्हणून सगळी दाराकडच्याच फांद्यांवर. प्रेमाने केलंत, मी कुणाला बोल लावत नाही. पण वड पेलणाऱ्या वरच्या तारेवर, तिला धरणाऱ्या क्लॅम्पला अगदी लागून, मी लाल खूण केली होती. आज आले तेव्हा ती क्लॅम्पपासून थोडी सुटलेली होती. आता बोटभर सुटली आहे. तार सरकते आहे.

मघाशी कुणीतरी म्हणालं, "आज तरी तुझे आकडे बाजूला ठेव." कसे ठेवू? काका देवावर हवाला ठेवून खाली बसत नव्हते. आधी वर बघायचे, मग माझ्याकडे. "काय हो इंजिनिअरबाई, पिऊ का चहा?" मी हो म्हटल्याशिवाय एकदाही बसले नाहीत. एकदाही नाही.

आज मी हो म्हणत नाही, काकू. त्यांनी विचारलं असतं तरी नाहीच म्हटलं असतं. मला चार शब्द ऐकवले असते त्यांनी. पण उठले असते.

तुम्ही अजून मानेनेच नाही म्हणताय. ठीक आहे. मग मी माइक ठेवते आणि तिथे येते. तुमचा हात धरते आणि आपण दोघी दाराच्या उलट बाजूने वडाखालून बाहेर पडू.

बाकी सर्वांनी आपापल्या जागी उभं राहावं. पुढे येऊ नका. कशालाही हात लावू नका. आम्ही भिंतीशी पोहोचेपर्यंत कुणी एक शब्दही बोलू नये. वरचा आवाज मला ऐकू यायला हवा.

काकांसाठी पाळायची शांतता ती हीच.