माह्या डोक्यातली भिंत

आम्ही मूळचे पारशिवनीकडले, शेती करणारी माणसं. माय माही तापानं गेली, अन् त्याच तापात मी वाचली ती फिट घेऊन वाचली. आमच्या घरी म्हणत, मायनं जाता जाता हेच दिलं पोरीले, गळ्यातली पोत नव्हती नं द्यायले. बाबा दिवसभर वावरात, मले पाहणार कोण, तं दादा मले नागपूरले घेऊन आला. दादाचं इतवारीत लुगड्यांचं दुकान अन् बिऱ्हाड महालात, दोन खोल्यांचं. वहिनी तेव्हा नवीनच होती, हातावरची मेंदी उतरली नव्हती म्हणा ना, अन् तिच्या पदरात एकदम ही घोडी, तेही मिर्गीची. पण काय सांगू तुम्हाले, त्या बाईनं माह्या केसांत तेल घातलं, न्हाऊ घातलं, शाळेत घातलं. मी तोंडानं वहिनी म्हणायची, मनात आईच. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिले भलतंच समजसान.

माही फिट काही दरवेळी पडून हातपाय झाडायची नव्हती. पोटातून काही वर चढल्यासारखं व्हायचं, जळक्या दुधाचा वास यायचा, अन् मग मी तिथं नसायचीच, डोळे उघडे, तोंड मात्र चावून राहिलं. वर्गातल्या पोरी म्हणत, ही एकटीच खाते, आपल्याले देत नाही. कधी पडायचीही, अन् पडली की जो तो आपला जोडा काढून माह्या नाकाले लावायचा. अर्ध्या इतवारीच्या जोड्यांचे वास मी घेतले आहेत, डोळे मिटून ओळखले असते कोणाचा कोणता.

दवाखान्याच्या गोळ्या सुरू झाल्या. आता मी एवढी मोठी, पण गोळी गिळता यायची नाही, घशात अडकायची अन् सगळं बाहेर. मग वहिनी पाट्यावर गोळी कुटायची, गुळाच्या खड्यात मळायची अन् सकाळ-संध्याकाळ माह्या तोंडात घालायची. आ कर वं, म्हणायची. मी मॅट्रिक झाली तरी आ करून उभी, चिमणीच्या पिलासारखी. अन् गोळ्यांनी गुण होता हो, वर्गात पडणं नाही, महिना महिना काही नाही.

मॅट्रिकनंतर डॉक्टरनं गोळी बदलली. जुनीनं झोप फार येते, म्हणे, ही नवी चांगली आहे. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आमच्या बाजूले एक पोरगी बसली होती, माह्याच वयाची, हेच नवं औषध खाणारी. हिरड्या तिच्या अशा सुजून दातांवर चढलेल्या, अन् ओठावर, गालावर लव. वहिनी तिच्याकडे पाहतच राहिली. मी कायले पाहते, मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहून राहिली होती.

तेव्हापासून माही फिट वाढली. नवी गोळी, अन् फिट वाढली! डॉक्टरनं एकाच्या दोन केल्या, दोनाच्या तीन, मी सकाळ-संध्याकाळ आ करून राहिली, अन् काही उपयोग नाही. त्यातच पाहुणे येऊन राहिले होते मले पाहायले. दिसायले मी बरी होती, लोक म्हणत, आता तुम्हाले पटणार नाही ते सोडा. एकदा पोह्यांचं ताट घेऊन गेली अन् जळक्या दुधाचा वास आला. पुढचं मले माहीत नाही, पण पोराच्या बापाच्या धोतरावरून शेंगदाणे वेचावे लागले म्हणतात. तो पाहुणा गेला, अन् त्याच्या मागं सगळेच गेले, गोष्ट इतवारीभर झाली.

मग डॉक्टरनं माह्या डोक्याले तारा लावून कागदावर रेघा काढल्या अन् दादाले समजावून सांगितलं. म्हणे, रक्त अन् मेंदू यांच्यामध्ये एक भिंत असते, बारीक चाळणीसारखी, रक्तातलं सगळंच ती मेंदूत जाऊ देत नाही, तशी ती आपल्या भल्यासाठीच असते. पण कोणाकोणाच्या बाबतीत ती औषधही अडवत असावी. दादा म्हणे, म्हणजे आमच्या मालाच्या गाडीसारखं, जकात नाक्यावर अडवतात तसं? डॉक्टर हसला, तसंच, म्हणे, गोळी पोटात जाते, रक्तात जाते, अन् तिथंच उभी राहते. आता एकच उपाय, जिथून फिट उठते तेवढा मेंदूचा तुकडा काढायचा.

दादाचं तोंड उतरलं. वहिनी मात्र, मले आजही आठवते, एकदम हलकी झाली. ती भिंत तिनं अशी उचलून धरली! नळावर, देवळात, भाजीवालीजवळ, सगळीकडे सांगायची, आमच्या नणंदबाईच्या डोक्यात भिंत आहे, औषध आत जातच नाही, आम्ही तं देऊन देऊन थकलो. मलेही पटलं. मी आपली आरशात पाहायची, इथं कुठं असन बाप्पा ही भिंत.

ऑपरेशन नागपुरात होत नव्हतं, मद्रासकडे नेलं. तिथले डॉक्टर म्हणे, आधी सगळं औषध बंद करू, फिट आपल्या डोळ्यांनी पाहू. वहिनी माह्या उशाशी बसून होती, तिनं हे ऐकलं अन् पदरानं तोंड पुसलं. काही बोलली नाही. माहे केस उतरवले, कमरेपर्यंतचे, तिनं वाढवलेले, तं ती अशी रडली की नर्स मले सोडून तिलेच पाणी पाजत होती. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापर्यंत तिनं माहा हात धरला होता. दारापर्यंत, हो.

डाव्या कानाच्या वरून कापलं, तुकडा काढला. फिट गेली, खोटं कशाले बोलू. पण नावं गेली. चेहरा दिसते, माणूस कळते, नाव येत नाही. पुढं मले महालातल्या बालवाडीत नोकरी लागली, तिथं सगळ्या पोरांले मी राजा म्हणते अन् पोरींले राणी, आया म्हणतात, बाई किती प्रेमळ आहेत.

मद्रासच्याच एका नर्सनं मले केळ्याच्या तुकड्यातून गोळी गिळायले शिकवलं. ऑपरेशननंतरही काही वर्षं घ्यायचीच होती, तीच गोळी. आता मी माह्या हातानं घ्यायले लागली. अन् काही महिन्यांतच हिरड्या सुजल्या, ओठावर लव आली. नागपूरच्या डॉक्टरले दाखवलं तं तो म्हणे, याच औषधानं होते ते. मग थांबला, जुने कागद पाहिले. म्हणे, तेव्हा तं तीन गोळ्या होत्या, आता दोनच, तेव्हा काहून नाही सुजल्या? गोळी कोण देत होतं? मी म्हटलं, वहिनी. त्यानं कागद मिटून ठेवले. मी विचारलं, तं मग हे ऑपरेशन लागलंच नसतं का? त्यानं चष्मा काढला. कसं सांगू बाई, म्हणे, लागलंही असतं, नसतंही लागलं. आता कोणालेच सांगता येणार नाही.

घरी आली, वहिनी लाल मिरच्यांची देठं खुडून राहिली होती. मी म्हटलं, वहिनी, गुळात काय राहायचं वं? तिचा हात थांबला नाही. म्हणे, वैद्याची पुडी राहायची, चांगली होती, विष नाही घातलं मी तुले. त्या पोरीचं तोंड पाहिलं होतं का, कोणी बायको केली असती तुले तशी? मी म्हटलं, अशी कोणी केली? तिनं दुसरी मिरची उचलली. म्हटलं, अन् मद्रासले? तिथं काहून नाही बोलली? तेव्हा मिरची हातातून सुटली. म्हणे, तुह्या दादानं मले एक दिवस घरात ठेवलं असतं का? अन् डॉक्टरच म्हणून राहिला होता नं भिंत आहे, मलेही खरंच वाटलं मग. मिरची उचलत म्हणे, पण फिट तं गेली नं?

याले काय उत्तर देसान तुम्ही? दादाले मी सांगितलं नाही. तो येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगतो, हिनं माह्या बहिणीसाठी काय काय केलं, अन् वहिनी खाली मान घालून ऐकते, अन् लोक तिच्या पाया पडतात. मी चहा ठेवते. एका ताटात जेवलेलो आम्ही, जाणार कुठं मी, अन् ती तरी कुठं जाणार.

परवा गावाकडून एक बाई आली, लग्नाची पोर घेऊन. पोरीले फिट येते. बाई म्हणे, गोळीनं चेहरा काळवंडते हो हिचा, सोयरीक जुळेपर्यंत बंद ठेवावी म्हणतो. मी त्या पोरीले जवळ बसवलं, म्हटलं, गोळी तू तुह्या हातानं घ्यायची बेटा, कोणाच्या हातून नाही, मायच्याही नाही. वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मले वाटलं, ही आता आत निघून जाईन. ती आली, कप खाली ठेवले, अन् त्या पोरीले म्हणे, ती सांगते तसंच कर, ऐक तिचं, माणसाच्या भरवशावर राहू नको.

एवढंच. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माह्याकडे नाही पाहिलं. हे बोलता येत होतं तं तिले. मद्रासच्या त्या दारापर्यंत मी ज्याची वाट पाहून राहिली होती, अन् मले माहीतही नव्हतं, ते बोलली ती शेवटी, पण दुसऱ्याच्या पोरीले. त्या पोरीचं भलं होवो बाप्पा, तिच्या डोक्याले कोणाचा हात न लागो. घ्या, तुमचा चहा निवला.