बंद पाडून दाखव

"हॅलो? … हो, मीच. … ओळखला आवाज, सत्या, नाव सांगू नकोस. पन्नास मिनिटं झाली! पन्नास मिनिटं मी तुझा नंबर फिरवतोय आणि नुसती रिंग जातेय… काय? सायलेंटवर? बरं. छान."

पंढरीनाथांनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानावर घेतला. डावा कान तापला होता. लखनौच्या महानगर कॉलनीतल्या त्यांच्या घरात सकाळपासून लग्नघर होतं. लग्न मात्र होतं नाशिकला, त्यांच्या एकुलत्या एका नातीचं, मुक्ताचं. त्यांच्या पत्नी माणिकबाई तीन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरल्या, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. म्हणून दोघंही जाऊ शकले नव्हते. पुतण्या सत्यजितचा धंदाच मुळी लग्नं इंटरनेटवरून थेट दाखवण्याचा. त्याने सांगितलं होतं, काकू, तुम्ही पलंगावरून बघा, मांडवात बसल्यासारखं दिसेल. टीव्हीला लॅपटॉप जोडला होता. बारा वाजून तेरा मिनिटांनी, मुहूर्ताला चार मिनिटं उरली असताना, चित्र थांबलं. आता एक वाजून गेला होता आणि पडद्यावर एक करडं वर्तुळ गरागरा फिरत होतं.

"आमच्याकडचं नेट? … माझ्याकडचं नेट ठीक आहे! इतकी वर्षं याच घरात राहतोय, नेट कधी जातं ते मला कळतं. सगळं उघडतंय. तुझं तेवढं उघडत नाहीये. … अरे ऐक ना आधी! मला शिकवू नकोस. … हं. … हं. … काय बंद पडलं?"

ते बोलत बोलत व्हरांड्यात आले. माणिकबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं, पण आवाज काही लोटला गेला नाही.

"सर्व्हर म्हणजे ते मुंबईचं मशीन ना? हॉलमधून चित्र तिथं जातं आणि तिथून आमच्याकडे येतं, ते? … बंद पडलं. मशीन आहे, बंद पडतं. त्याला मी काही म्हणत नाही. पण तू दोन आहेत म्हणाला होतास. 'काका, एक गेलं तर दुसरं आहे, काळजीच सोडा.' हेच शब्द होते तुझे. मग दुसरं कुठं गेलं होतं? जेवायला? … तेही बंद? दोन्ही? एकाच वेळी? … थांब. थांब, थांब. दोन्ही एकाच खोलीत आहेत?"

पलीकडे सत्यजित काहीतरी लांबलचक सांगू लागला. पंढरीनाथ डोळे मिटून ऐकत राहिले. रेल्वेच्या सिग्नल खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी ती नोकरी अंगातून गेली नव्हती.

"म्हणजे खोलीची वीज गेली, जनरेटर लागला नाही, आणि दोन्ही मशीनं एकदम झोपली. … अरे गाढवा, मग ती दोन कुठं झाली? ती एकच! आमच्याकडे जादाची तार टाकायची तर पहिल्या तारेच्या खांबावरून न्यायची नाही, हे खलाशालाही, अगदी खालच्या मजुरालाही, माहीत असायचं. खांब पडला की दोन्ही तारा जाणार! … सोयीचं पडतं? कोणाच्या सोयीचं? … आणि तुला कळलं कधी? … मेसेज आले होते? किती? … तीन. आणि फोन जाकिटाच्या खिशात."

त्याचे हात मोकळे नव्हते, हेही खरंच होतं. वसुधाला, त्यांच्या मुलीला, भाऊ नाही. तेव्हा मुक्ताचा मामा म्हणून सत्यजितच तिला अंतरपाटापाशी घेऊन गेला होता. फेटा बांधून, हात जोडून उभा होता.

"मामा म्हणून उभा राहिलास, चांगलं केलंस. मग तिकडच्या लॅपटॉपपाशी कोण होतं? … कोणी नाही! … आपोआप होतं म्हणे. आपोआप काय होतं ते दिसलं आम्हाला. … नाही, रेकॉर्डिंगचं नाव काढू नकोस. रेकॉर्डिंग दिवाळीत बघू. तिला आत्ता बघायचं होतं. तुला कळतंय का तुझ्या काकूने काय केलं ते? … मग ऐक. हातात अक्षता घेऊन बसली होती. शेजारच्या माथुर वहिनी आल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन, त्यांच्याही हातात दिल्या होत्या. चित्र थांबलं. मी वायरी काढतोय, लावतोय. माथुर वहिनी म्हणतायत, आ जाएगा, आ जाएगा. आणि ती? घड्याळाकडे बघत राहिली. बारा सतराला तिने अक्षता टाकल्या, सत्या. त्या फिरणाऱ्या चक्रावर. … हो. टीव्हीच्या काचेवर. 'झालं असेल आता,' म्हणाली."

व्हरांड्याच्या जाळीबाहेर सब्जीवाला मटार मटार ओरडत गेला.

"आहेस ना? … मग बोल. … आता तू रडू नकोस, मला राग पुरा करू दे. … काय म्हणालास? पुन्हा म्हण. … गेल्या महिन्यात? कोणाची मुंज? … दहा मिनिटं चित्र गेलं होतं? याच खोलीत? असंच?"

पंढरीनाथ खुर्चीत बसायला गेले होते, ते तसेच पुन्हा उभे राहिले.

"म्हणजे तुला ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक होतं! आणि तरी तू काकूला… तुला माहितीये का, ती यायला निघाली होती? फर्स्ट क्लासमध्ये आडवी पडून जाईन म्हणत होती, सोबत नर्स घेऊन. डॉक्टर नको म्हणाले, तरी सही करून जायला तयार होती. मी थांबवलं तिला. मी! म्हटलं, सत्याने दोन सर्व्हर ठेवलेत, एक गेला तर दुसरा आहे. तुझा शब्द मी माझा म्हणून दिला रे तिला…"

त्यांचा आवाज एकदम खाली आला. आयुष्यभर कुठल्याही ठेकेदाराच्या तोंडी खात्रीवर त्यांनी सिग्नल चालू करू दिला नव्हता. आधी बिघाड करून दाखव, मग बोलू, असं म्हणायचे. आणि घरच्या पोराने फोनवर नुसतं 'काळजी सोडा' म्हटलं, तर त्यांनी ती सोडून दिली होती.

आतून शकुन आली. माणिकबाईंची देखभाल करायला ठेवलेली बाई.

"हाँ, क्या? … टीवी? बंद मत करो, रहने दो. अम्माजी से कहो, बात कर रहा हूँ. … हॅलो? हो, बोल. … वीज आली? सर्व्हर चालू झाला? … तीच लिंक उघडू? नाही उघडणार. … नाही म्हणजे नाही! आता काय उरलंय तिकडे? … होम चाललाय. सप्तपदी व्हायचीय. किती वेळ आहे? … पंधरा मिनिटं? गुरुजींना थांबव. … अरे पंगत बसू दे की, पंगतीला कोण अडवतंय! सप्तपदी थांबव. … मुहूर्त गाठून झालाय त्यांचा, सप्तपदी अर्ध्या तासाने झाली म्हणून काही बिघडत नाही. … व्याही रागावतील? मी बोलतो व्याह्यांशी. … वसुधा नको म्हणतेय? वसुधाला दे फोन. … कोण? कोण बोलतंय?"

क्षणभर त्यांना आवाज ओळखू आला नाही.

"मुक्ता? … अगं तू कशाला उठलीस होमावरून? … हो, बाळा. … नाही, आजी ठीक आहे. … नाही दिसलं गं. अंतरपाट धरला तिथपर्यंत दिसलं. … काय म्हणालीस? … गुरुजींना तूच सांगितलंस? … बरं. बस मग. खाऊन घे काहीतरी, उपाशी असशील. … हो. दे त्याला."

त्यांनी डोळे पुसले आणि घसा खाकरला. पुढचं वाक्य पुन्हा पहिल्याच पट्टीत आलं.

"ऐकलंस? नवरी थांबलीय. आता नीट ऐक. त्या खोलीबाहेर, मुंबईबाहेर, दुसरं मशीन कुठं मिळेल? … बंगळूरला मित्राचं आहे ना? मग ते जोड. आणि हॉलचं नेट गेलं तर? … मोबाइलच्या नेटवर चालणारा डोंगल आहे, मग तोही लाव. तू लाव, मी फोन धरून बसतो. … नाही, ठेवणार नाही. तू ठेवलास तर पुन्हा उचलशील याचा मला भरवसा नाही."

त्यांनी लॅपटॉप टीव्हीपासून सोडवला आणि व्हरांड्यात आणला. माणिकबाईंनी विचारलं, काय चाललंय? ते म्हणाले, थांब जरा. अठरा मिनिटं ते फोन धरून बसले. पलीकडून हॉलमधली भांडी, सनई, कोणीतरी 'जिलबी इकडे' ओरडलेलं, असं सगळं ऐकू येत होतं.

"हॅलो. … हो, दिसतंय. होम दिसतोय. मुक्ता दिसतेय, केळं खातेय. … छान. आता मुंबईचं बंद कर. … चेष्टा नाही करत. बंद कर म्हणतोय ना! … गाडी येण्याआधी तपासतात, सत्या, गाडी गेल्यावर नाही. बंद पाडून दाखव मला. … केलंस? … थांबलं चित्र. एक… दोन… तीन…"

ते मोजत राहिले. वीस झाले. तीस झाले. केळं मुक्ताच्या तोंडाशी तसंच राहिलं.

"चाळीस! कुठं आहे तुझं बंगळूर? … अरे, चालू असून काय उपयोग? इथं आलं नाही ना! … बघ! बघ म्हणजे! मी आत नेऊन लावलं असतं, आणि सप्तपदीच्या तिसऱ्या पावलावर पुन्हा तेच चक्र! पुन्हा त्याच बाईसमोर! … का नाही आलं? मला कारण सांग. … हं. … म्हणजे माझ्या लॅपटॉपला पहिल्याच घराचा पत्ता दिलाय, ते घर बंद, आणि हा आपला दार ठोठावत बसलाय. दुसऱ्या घरी जायचं हे त्याला कोणी सांगितलंच नाही. … चूक सापडली ना? मग दुरुस्त कर. ओरडू नकोस माझ्यावर, मी तुझ्यावर ओरडतोय!"

आणखी नऊ मिनिटं गेली.

"हं, पान पुन्हा उघडलं. … दिसतंय. आता कर बंद. … थांबलं. एक… दोन… तीन… चार… आलं."

चित्र जरा अडखळलं आणि पुढे गेलं. मुक्ता शेला सावरत होती.

"आता ते चालू कर आणि बंगळूरचं पाड. … एक… दोन… तीन… आलं. आता हॉलची वायर काढ. … हो, हाताने, ओढून काढ. … आलं. थोडं धुरकट आलं, पण आलं. चालेल. … लाव परत. … नाही, शाबासकी बिबासकी काही नाही. हे सकाळी करायचं होतं."

ते लॅपटॉप घेऊन आत गेले. फोन मानेशी धरूनच त्यांनी टीव्हीची वायर जोडली. माणिकबाईंनी शकुनकडे चष्मा मागितला. पडद्यावर तांदळाच्या सात राशी मांडलेल्या दिसल्या. माथुर वहिनींना बोलावणं गेलं.

"ऐक. मामाचं काम झालं, आता फेटा काढ आणि लॅपटॉपपाशी उभा राहा. पाठवणी होईपर्यंत हलायचं नाही. … हं. … हं. … नाही रे, मी कोण माफ करणारा? लग्न माझं नव्हतं बुडालं. काकूकडे माग. … आत्ता नको. आत्ता ती बघतेय."

मुक्ताने पहिल्या राशीवर पाऊल ठेवलं. माणिकबाईंचे ओठ हलले. 'एक' म्हणाल्या असाव्यात.

"सत्या… तिची माफी मलाही मागायचीय. तुझा नंबर माझ्यानंतर. … ठेवतो."

त्यांनी फोन बंद केला आणि पलंगाशेजारची खुर्ची पुढे ओढली.